पाटणबोरीचा चहा

उत्तम, तुझ्या आयुष्यातला सगळ्यात कमी सरासरी वेगाचा प्रवास गेल्या पंधरवड्यात झाला. यवतमाळच्या दवाखान्यातून घाटंजीपलीकडच्या तुझ्या तांड्यापर्यंत जेमतेम पन्नास किलोमीटर, आणि लागले सव्वादोन तास. शववाहिकेचा ड्रायव्हर आदरापोटी हळू चालवत होता की त्याला तिसरा गिअर पडत नव्हता, कोण जाणे. मागे आम्ही अकरा मोटरसायकली, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत, अर्धा क्लच दाबून. इंजिनं तापली, क्लचप्लेटींचा करपट वास सुटला, आणि तू काय म्हणाला असतास ते मला साफ ऐकू आलं. "बाबू, जाळाचं मले हाये, तुम्ही क्लचप्लेटा कायले जाळून राह्यले?"

मी हसलो. हेल्मेटच्या आत हसलेलं कोणाला दिसत नाही, हा आपल्या छंदाचा एक फायदा. रडलेलंही दिसत नाही, हा दुसरा. त्या दिवशी मी दोन्ही फायदे पुरेपूर घेतले.

मग चौथ्या दिवशी शहरातल्या गाडीवाल्या पोरांनी तुझी शोकसभा ठेवली. बोलायला अर्थातच मी. माझ्या हातात माइक दिला की तो परत घ्यायला दोन माणसं लागतात, हे तुझंच निरीक्षण. मी आपली गोष्ट सुरू केली. ती तू शंभरदा ऐकलीस आणि प्रत्येक वेळी मध्येच मोडलीस. वारा, पूल, ट्रक, सगळं रंगवून मी शेवटी म्हणालो, "आणि अशा रीतीने उत्तम राठोड आणि मी चोवीस तासांत अठराशे किलोमीटर गाडी चालवली."

आणि थांबलो. नाटकात समोरच्याचं वाक्य यायचं असलं की थांबतात तसा. त्या जागी नेहमी तुझं वाक्य असायचं. मागच्या रांगेतून, मान वर न करता : "पंधराशे तीस. अन् पांढरकवड्यालेच थांबलो." मी कधी सतराशे सांगायचो, कधी एकोणीसशे, एकदा घाटंजीत रंगात येऊन दोन हजार केले होते. तुझा आकडा कधी हलला नाही.

समोर साठ-सत्तर माणसं बसली होती. कोणी आकडा दुरुस्त केला नाही. दोघा-तिघांनी हळहळून माना हलवल्या. मग मीच म्हणालो, "पंधराशे तीस," आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, मला पुढे बोलवेना. तसंही झालं असेल. पण खरं सांगू, मला भीती वाटली. मला दुरुस्त करणारा माणूस गेला. आता मी काहीही सांगेन आणि लोक खरं मानतील.

म्हणून हे लिहायला बसलो. तुला उद्देशून लिहिलं की आकडे आपोआप जागेवर राहतात.

आपली ओळख लोहाऱ्याच्या एमआयडीसीत झाली, तुझ्या पत्र्याच्या शेडमध्ये. मी गाडीचं कॅरिअर जोडून घ्यायला आलो होतो. तू कॅरिअरकडे पाहिलंच नाहीस. माझ्याभोवती एक चक्कर मारलीस, मला गाडीवर बसवलंस आणि म्हणालास, "तुमची बैठक चुकीची हाये." मी दुखावलो. आमच्या घराण्यात तीन पिढ्या खुर्चीवर बसून गेल्या. आजोबा कोर्टात बसले, वडील तहसिलीत बसले, मी जिल्ह्याच्या कचेरीत फायलींपुढे बसतो. बसण्याबद्दल आम्हाला कोणी शिकवावं? हे मी तुला जरा आवाज चढवून ऐकवलं. तू वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवलास आणि म्हणालास की तुझ्या घराण्यात बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून लोक महिनोन् महिने चालायचे, बसायला त्यांना सवडच नव्हती. मी म्हणालो, मग मोटरसायकल हे आपल्या दोघांच्या घराण्यांचं लग्न आहे. बसायचं आणि चालायचंही. तू पहिल्यांदा हसलास. त्या दिवसापासून मी बाबू झालो. आणि सीटमध्ये तू तुझ्या शेतातला कापूस भरून दिलास, जो आजही माझ्याखाली आहे. थोडा दबलाय. मीही दबलोय.

चोवीस तासांत सोळाशे किलोमीटर ही कल्पना माझी. वाचलं मी, ठरवलं मी, गावभर सांगितलं मी. तू फक्त नकाशा पाहिलास. यवतमाळहून पांढरकवडा, तिथून हमरस्त्याने खाली हैदराबाद, मग अनंतपूरच्या थोडं पुढे, तिथून मागे फिरायचं. सकाळी दहाला निघायचं, दुसऱ्या दिवशी दहाच्या आत घरी. ठरावीक ठिकाणी पेट्रोल भरून वेळ छापलेली चिठ्ठी घ्यायची आणि चिठ्ठ्या लांब पल्ल्याच्या गाडीवाल्यांच्या संघटनेला पाठवायच्या. त्यांनी पडताळलं की प्रमाणपत्र मिळणार. मला ते माझ्या टेबलामागे लावायचं होतं, जिथे साहेबाला रोज दिसेल. तुला कशाला हवं होतं हे तू सांगितलं नाहीस. पण शेडमधल्या भिंतीवर तू खिळा आधीच ठोकून ठेवला होतास, तो मी पाहिला होता.

तुझी एकच अट होती : हजेरी.

तुझा आजा सांगायचा म्हणे, की जुन्या काळी बैलांचा तांडा थांबला की नायक रांगेतून मागे चालत यायचा आणि एकेकाला विचारायचा, मागचा ओढा कोणता ओलांडला. ज्याला सांगता आलं नाही त्याला पुढच्या टप्प्यात चालू द्यायचे नाहीत. तो पायाने चालत असतो, पण झोपेत असतो. ही हजेरी आपणही घ्यायची, असं तू ठरवलंस. प्रत्येक थांब्यावर एकमेकांना विचारायचं : मागचं गाव कोणतं? सांगता आलं नाही तर गाडी उभी करायची, वीस मिनिटं आडवं व्हायचं, वाद घालायचा नाही. आपण चाकावर हात ठेवून शपथ घेतली. मी शपथ जरा मोठ्या आवाजात घेतली.

आता तुला एक गोष्ट सांगतो, जी जिवंतपणी सांगितली नाही. मी सगळी गावं पाठ केली होती.

तुला माहीत आहे, आमच्या हौशी नाटक मंडळात मी वीस वर्षं विंगेत उभा राहून लोकांना वाक्यं सांगितली. पाठांतर हा माझा एकमेव गुण. जायच्या आधी पंधरा दिवस मी परतीच्या रस्त्यावरची गावं नाटकासारखी घोकली. बायको पोळ्या लाटता लाटता विचारायची, "निर्मलनंतर?" मी म्हणायचो, "नेरडीगोंडा." "मग?" "गुडीहतनूर." मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. आणि उत्तम, तेच झालं.

जाताना सगळं सोन्यासारखं होतं. तुझ्या गाडीच्या मागे कमलवहिनींनी शिवलेली पिशवी बांधलेली, तिच्यावर आरशांचे तुकडे. अंधार पडल्यावर माझ्या दिव्याचा उजेड त्या आरशांवर पडायचा आणि सबंध कर्नूल जिल्हा मी त्या दहा-बारा चमकणाऱ्या टिकल्यांच्या मागे काढला. निघताना प्रत्येक वेळी तू गाडीच्या टाकीवर थाप मारून म्हणायचास, "चाल याडी." चल आई. मला आधी वाटायचं तू वहिनींना काहीतरी निरोप पाठवतोस.

मागे फिरलो. हैदराबाद गेलं, उजाडलं. प्रत्येक थांब्यावर तू विचारायचास आणि मी टाळीच्या वाक्यासारखं गाव फेकायचो. कामारेड्डी. आर्मूर. निर्मल. तू मान डोलवायचास. एकदा म्हणालास, "बाबू, तू तर माह्यापेक्षा ताजा हायेस." मी छाती काढली.

सकाळी आठच्या सुमारास आपण पांढरकवड्याच्या पंपावर होतो. घर सत्तर किलोमीटर, हातात दोन तास. म्हणजे झालंच होतं. मी मनात साहेबाचा चेहरा पाहत होतो. पंपावरच्या माणसाने चिठ्ठी दिली, ती तू खिशात ठेवलीस आणि म्हणालास, "हजेरी. मागचं गाव?"

"पाटणबोरी."

"तठी काय केलं आपण?"

मी म्हणालो, काय करायचं, ओलांडलं.

"चहा पेलो ना बे. तू अर्धा कप ठेवला."

मला वाटलं, तू गंमत करतोयस. मी म्हणालो, "पाटणबोरीत आपण चहा घेतलाच नाही."

तू माझ्याकडे पाहत राहिलास. मग हात पुढे केलास, माझ्या गाडीची चावी काढलीस आणि शर्टाच्या आतल्या खिशात टाकलीस.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला सांगायला आवडतं. मी त्या पंपावर जे भाषण केलं तसं मला रंगमंचावर कधी जमलं नाही. विश्वासघात, मैत्री, इतिहास, सगळं आलं त्यात. दोन ट्रकवाले दात घासता घासता थांबले. मी तुला म्हणालो की चहाची थाप मारून तू माझा तिसरा अंक कापलास, की तू स्वतः दमलास आणि नाव माझं घेतोयस. शेजारच्या ढाब्याच्या बाजेवर चढून मी म्हणालो, "इतिहास तुला कधीही," आणि त्या वाक्याचा शेवट आजतागायत कोणाला माहीत नाही, कारण मी तिथेच आडवा झालो.

जाग आली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. दोन गाड्यांच्या मध्ये तुझं जॅकेट बांधून तू माझ्या तोंडावर सावली केली होतीस. तू पायाशी बसला होतास, उन्हात, माझी चावी मुठीत. तू एकटा निघाला असतास तर नऊ-साडेनऊला घरी पोचला असतास. खिळ्यावर प्रमाणपत्र लागलं असतं. मी हे म्हणालो तर तू म्हणालास, "उठला? चाल. वयनी वाट पाहून राह्यली तुही."

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा करू म्हणालो. मग तुझी कंबर, मग माझी साखर, मग तुझी वेचणी, मग माझ्या पोरीचं लग्न. पुढचा हिवाळा नऊ वर्षं पुढेच राहिला.

पण वाद राहिला नाही पुढे, तो रोज होता. पाटणबोरीत चहा घेतला होता की नव्हता. तू म्हणायचास घेतला, मी म्हणायचो नाही. पोरीच्या लग्नात अक्षता टाकून माझ्या कानाशी लागलास, मला वाटलं काही आशीर्वादाचं बोलतोयस, आणि तू म्हणालास, "पाटणबोरी." पुढे दोघांच्या हातात मोठे फोन आले, तेव्हा लोक सकाळी सकाळी फुलं आणि देव पाठवायला लागले, तू चहाच्या कपाचा फोटो पाठवायला लागलास. रोज सात चाळीसला. शब्द एक नाही. मी एकच शब्द पाठवायचो : नाही. दिवाळी असो, कचेरीत तपासणी असो, मी तापाने फणफणलेला असो. कप आणि नाही.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो.

त्या प्रवासानंतर आठव्या दिवशी मी रजा टाकली आणि पाटणबोरीला गेलो. गाडीवर नाही, एसटीने. गाडीवर बसायचा मला आठ दिवस धीर होत नव्हता, हेही तुला आज कळतंय. फाट्यावर उतरलो. चहाची एकच टपरी होती उघडी. म्हटलं, विचारू, नाही म्हणेल, मग उत्तमला घेऊन येऊ आणि याच्या तोंडून वदवू. टपरीवाल्या मारोतीने मला दुरूनच पाहिलं आणि स्टोव्ह बारीक केला.

"आले का, कामारेड्डीवाले साहेब," तो म्हणाला.

मी बाकावर बसलो. मारोतीने सगळं सांगितलं. त्याने विचारलं होतं, साखर किती टाकू, तर मी म्हणालो गुडीहतनूर. त्याने म्हटलं बसा, मी म्हणालो कामारेड्डी. अर्धा चहा पिऊन मी उठलो, त्याला वाकून नमस्कार केला, जसा पडदा पडल्यावर करतात, आणि हेल्मेट उलटं घालायला लागलो. "तुमच्या दोस्तानं सुलटं केलं अन् पट्टा लावून देल्ला, लेकराले लावते तसा. डोये उघडे होते साहेब तुमचे. म्हणून त भेव लागलं मले."

मग म्हणाला, "त्यायनं इचारलं तुम्हाले, मागचं गाव कोणतं. तुम्ही फटकन म्हणले आदिलाबाद. मंग बसू देल्लं त्यायनं गाडीवर."

त्याने मला चहा दिला. मला अर्ध्याच्या पुढे गेला नाही.

एसटीत बसून परत येताना मी ठरवलं होतं की थेट लोहाऱ्याला जाऊन तुझे पाय धरायचे. उतरलो, शेडपर्यंत गेलो. तू वेल्डिंग करत होतास. मला पाहून चष्मा वर केलास आणि म्हणालास, "काय बे, आठोलं का काही?" आणि मी, तीन पिढ्या खुर्चीवर बसलेल्या घराण्याचा वारस, म्हणालो, "काही नाही आठवलं, कारण चहा झालाच नव्हता."

पहिलं वर्षभर ती लाज होती. नंतर लाज कमी झाली आणि वाद गोड लागायला लागला. तुझा कप आला नाही तर मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटेना. मी मान्य केलं असतं तर तू जिंकला असतास, आणि मग रोज सात चाळीसला आपण एकमेकांना काय म्हणालो असतो? सुप्रभात?

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यातही कप येत होते, दवाखान्याच्या स्टीलच्या पेल्यातला पांढरट चहा. मग दोन दिवस आले नाहीत, म्हणून मी संध्याकाळी तुझ्या खाटेशी येऊन बसलो. तू खूप बारीक झाला होतास. सीटमधल्या कापसाबद्दल विचारलंस. मग म्हणालास, "बाबू, आता खरं सांग. पाटणबोरीत चहा पेलो होतो का नाही आपण?"

माझ्या ओठावर आलं होतं, उत्तम. पण मला वाटलं, मी आता हो म्हणालो तर त्याचा अर्थ एकच होईल, की मी तुला निरोप देतोय. मरणाऱ्या माणसाचं मन राखतात तसं राखतोय. मी म्हणालो, "नाही."

तू डोळे मिटलेस. "बरं," म्हणालास. ओठाच्या एका कोपऱ्यात हसलास, तसा तू जोड नीट बसला की हसायचास.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलास. आणि त्या दुपारपासून मी एकच घोकत राहिलो. नऊ वर्षांत एकदा तुझं ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं? ज्याने माझा जीव वाचवला त्याला शेवटच्या संध्याकाळी मी खोटा ठरवला. बायको म्हणाली, बोलून टाक कोणापाशी तरी. मी, ज्याला बोलण्यासाठी पगार मिळाला असता तर बंगला बांधला असता, तो बारा दिवस कोणापाशी बोलू शकला नाही.

बाराव्या दिवशी तांड्यावर आलो. मंडळी पांगल्यावर कमलवहिनींनी मला लिंबाखाली बसवलं आणि ती आरशांची पिशवी आणून माझ्या मांडीवर ठेवली. चार आरसे गळालेत, बाकी शाबूत आहेत. मग त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही पाटणबोरीले गेलते ना, बसनं?"

मी पिशवीचा बंद सोडवायला लागलो, जो सुटलेलाच होता.

त्यांनी सांगितलं की तू माझ्यानंतर आठ-दहा दिवसांनी तिथे गेला होतास आणि मारोतीने मी येऊन गेल्याचं तुला सांगितलं होतं. म्हणजे तुला माहीत होतं. पहिल्या महिन्यापासून तुला माहीत होतं की मला माहीत आहे. नऊ वर्षं मी तुझ्यापुढे अभिनय करत होतो आणि तू विंगेत उभा राहून सगळं पाहत होतास. मी विचारलं, मग तो रोज का विचारायचा?

वहिनी म्हणाल्या, "त्यायले भेव होतं, भाऊजी. म्हणत, चावी म्या पाटणबोरीतच काढाले पाह्यजे होती. मले दिसत होतं बाबू झोपेत हाये. पण नव्वद किलोमीटर राह्यलते अन् मले कागदाचा लोभ झाला. गाव बरोबर सांगितलं ना, म्हणून म्या मनाले समजावलं अन् बसू देल्लं. मंग वीस किलोमीटर त्याच्या बाजूनं चालवत राह्यलो, ट्रकाच्या अंगानं. एकेक ट्रक जाये तं माही छाती बंद पडे. असं म्हणत. तुम्ही हो म्हणले असते ना, तं त्यायले पुढचं इचारलं असतं, 'मंग काहून जाऊ देल्लं मले?' म्हणून सकायी फोटो पाठवत अन् फोन हातात धरून बसत. तुम्ही नाही म्हणले की चहा पेत."

उत्तम, तो कप तोपर्यंत भरलेला असायचा?

"त्या संध्याकायी बी सांगितलं मले," वहिनी म्हणाल्या. "बाबू नाही म्हणला. बस. मंग झोपले चांगले."

मग मी बोललो. बारा दिवसांचं साचलेलं. पंधरा दिवस गावं कशी घोकली, पोळ्या लाटता लाटता बायको कशी विचारायची, शपथ घेतलेल्या हजेरीला मी कसा दगा दिला, ते सगळं तुझ्या अंगणात तुझ्या बायकोला सांगितलं. गाव बरोबर आलं म्हणून त्याने मला बसू दिलं, वहिनी, आणि गाव बरोबर आलं कारण मी लबाडी केली होती. लोभ त्याचा नव्हता. हे मी त्याला एकदा सांगितलं असतं तर तो नऊ वर्षं भ्यालाच नसता. वहिनींनी ऐकून घेतलं. मग पदर तोंडाला लावला आणि मला वाटलं रडतायत. हसत होत्या. "म्हणजे तुम्ही गुडीहतनूर म्हणले ते पाठच होतं," त्या म्हणाल्या, आणि मग आम्ही दोघंही हसलो, आणि मग ते हसण्याच्या पलीकडे गेलं, आणि तांड्यावरच्या दोन म्हाताऱ्या काय झालं म्हणून उठून आल्या.

तर हे तुझ्यापाशी ठेवतो. तुझ्या त्या वीस किलोमीटरचा हिशेब माझ्याकडे काही निघत नाही. तो माझ्याच पाठांतराचा होता. एका बाजूला मी, उघड्या डोळ्यांनी झोपलेला. दुसऱ्या बाजूला ट्रक. मध्ये तू, पाटणबोरी ते पांढरकवडा, शेड आणि शेत आणि भिंतीवरचा खिळा मागे टाकून. मला त्यातलं काही आठवत नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला प्रवास, आणि मी तो पाहिलाच नाही. तुझा खिळा अजून रिकामाच होता. परवा शेडमध्ये जाऊन मी त्याला आरशांची पिशवी अडकवून आलो. वहिनींना विचारून.

आणि हो, काल सकाळची गोष्ट. मी दाढी करत होतो. सात चाळीसला फोन वाजला आणि पडद्यावर तुझं नाव आलं. वस्तरा बेसिनमध्ये पडला. उघडून पाहिलं तर तुझ्या घरच्या ओट्यावर कप, पलीकडे लिंबाची सावली, आणि कपाच्या कडेला वहिनींचं गोंदलेलं मनगट.

कप भरलेला होता. कोणीतरी फोन हातात धरून थांबलं होतं.

मी साबणाच्या हातानेच लिहिलं : नाही.